पोटात मणी, मण्यांत कवडी

मित्रांनो, इंझोरीच्या पुढे आमच्या बंजारा तांड्यावर आलात, तर कडुनिंबाच्या आडव्या फांदीला जाड दोराने टांगलेलं एक रुंद काळं वेटोळं तुम्हाला दिसेल. तो मी, एक जुना टायर. माझे दात आता झिजले आहेत आणि कुशीला बारीक भेगा पडल्या आहेत. पण एका दुपारी माझ्यावर दोन जिवांचा भार होता, आणि माझ्या पोटात काय बिघडलं आहे ते फक्त मला ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं. त्या दुपारची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचे आणि तारेचे थर एकावर एक चढवून मला साच्यात घातलं आणि चांगलं भाजून काढलं. भाकरी कितीही निगुतीने थापली तरी एखादी कड जाड राहतेच. तशी माझी एक कूस जड राहिली. लहान टायरांत हा फरक कळत नाही. मी मात्र मोठा, चिखलात चालण्यासाठी घडवलेला. माझा तो जडपणाही माझ्याच मापाचा होता.

तांड्यावरच्या रूपलाने मला आपल्या जुन्या जीपच्या पुढच्या डाव्या चाकावर चढवलं. तांड्यापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर दूर आहे. मधली काळी माती पावसाळ्यात बैलाचे खूरसुद्धा सोडत नाही. मी तिच्यात दात रोवून चालायचो. दळण, खताची पोती, आजारी माणसं, सगळ्यांना मी बाहेर काढलं. लोक माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "याले म्हणते टायर!"

डांबरी रस्त्यावर मात्र माझी लाज निघायची. जीपने पस्तीसचा वेग ओलांडला की माझी जड कूस दर फेऱ्याला रस्त्यावर आपटायची. स्टीअरिंग थरथरायचं आणि रूपलाचे हात खांद्यापर्यंत हलायचे. पोळा झाल्यावर एक दिवस तर त्याची पकडच सुटली आणि जीप रस्ता सोडून तुरीच्या शेतात शिरली. कोणाला लागलं नाही. पण मागे त्याची लेक अंजू बसली होती. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

कारंज्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच बजावलं होतं, "बाळ आडवं आहे. कळा सुरू झाल्या की तासाभरात इथे आणा. उशीर करू नका."

तांड्यापासून कारंज्यापर्यंत तीसेक किलोमीटर डांबर, आणि त्याआधीचा तो चिखल. तिशीच्या वेगाने गेलं तर तास उलटून जाणार. वेग घेतला तर मी थरथरणार. रुग्णवाहिका मिळाली तर मिळाली. नेमकी त्याच वेळी ती दुसऱ्या गावाला गेली असेल तर? रूपलाची बायको हिरीबाई बोटांवर दिवस मोजत होती. आठव्याचे शेवटचे दिवस चालले होते.

रूपला मला घेऊन कारंज्याच्या एका मोठ्या दुकानात गेला. तिथल्या बॅलन्सिंगच्या मशीनवर मी मावलोच नाही. त्यांनी अंदाजाने रिमला शिशाचे तुकडे चिकटवून दिले. काळ्या मातीने ते दोन दिवसांत उपटून घेतले. मग कोणीतरी सांगितलं, "रहमतुल्लाचाचाकडे जाय."

रहमतुल्ला म्हातारे होते. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक छप्पर. सोबत त्यांची लेक सबिहा काम करायची. मशीन नव्हतं, पण जमिनीत पुरलेल्या एका खांबाला त्यांनी जुन्या जीपचा हब, म्हणजे चाक बसवायचा फिरता गाभा, बसवला होता. मला रिमसकट त्यावर चढवून त्यांनी हाताने फिरवलं. मी फिरत राहिलो आणि हळूहळू थांबलो. जो भाग खाली आला, तिथे सबिहाने खडूने रेघ मारली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच रेघ खाली. तिसऱ्यांदाही तीच.

"पाह्य रूपलाभाऊ," चाचा म्हणाले, "चाक झूट नाई बोलत. जड बाजू आपून होऊन खाली येते."

मग मला उतरवून त्यांनी नुसती रिम फिरवली. तिचीही एक बाजू जड निघाली, आणि ती नेमकी माझ्या जड कुशीखालीच बसलेली होती.

"दोगं बी हट्टी," सबिहा हसली. "अन् दोगं एकाच अंगाले बसले. मंग घर हालनारच ना!"

"याच्यावर विलाज?" रूपलाने विचारलं.

"एकाचं तोंड उगवतीले, दुसऱ्याचं मावळतीले," चाचा म्हणाले. त्यांनी मला रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवलं. माझी जड बाजू आता रिमच्या हलक्या बाजूवर आली. एक पैसाही न लागता अर्धी थरथर गेली.

उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी नागपूरहून काचेचे बारीक, गुळगुळीत मणी मागवले. ते यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत अंजूला नववा लागला.

मणी आले तेव्हा हिरीबाईही दुकानात आली होती. ओंजळीत मणी घेऊन, आपल्या मणी जडवलेल्या चोळीशी धरून ती म्हणाली, "आता माय! माह्या कांचळीवरल्यासारकेच हायेत. हे टायरात घालून करतात काय?"

चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. शिकवायचं म्हटलं की त्यांना घाई नसायची. "हे पावशेर मनी मोकळे टाकाचे. गाडी वेगात आली अन् चाक हादरलं का हे आत सरकतात. सरकत सरकत हलक्या बाजूले जाऊन बसतात. वजन सारकं झालं का हादरा बंद. शिसं भाईरून चिकटवलं तर माती काढून नेते. आतल्या मन्याले कोन हात लावते?"

"मनी घातले अन् कवडी नाई?" हिरीबाई म्हणाली. "आमच्यात मन्यासंगं कवडी लागतेच. नजर लागत नाई."

"नाई बहेन. आत फकत गोल अन् गुळगुळीत पाह्यजे. दुसरं कायी बी नाई."

सबिहाने रूपलाला आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. "काका, हवा पाहाच्या आंदी चाक फिरवून वॉल्व वर घ्याचा. वॉल्व खाली असला का मनी त्याच्यावर गोळा होतात, अन् कचरा पिनीत अडकते. ध्यानात राह्यलं?"

"राह्यलं ना पोरी. म्या काय लहान हाव?"

चाचा पाना आणायला वळले, सबिहा पाणी प्यायला गेली. तेवढ्यात हिरीबाईने कमरेच्या बटव्यातून एक पांढरी कवडी काढली, कपाळाला लावली आणि माझ्या पोटात सोडली. लेकीसाठी, येणाऱ्या नातवंडासाठी. तिच्या मनात वाईट असं काहीच नव्हतं. पण तिने ते कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी परतताना जीप पंचावन्नवर गेली आणि स्टीअरिंग हललं नाही. रूपलाने एक हात सोडून पाहिला. "हिरी, पाह्य! पान्यावानी चालून राह्यली!" हिरीबाई समाधानाने हसली. तिला वाटलं, कवडीचाच गुण.

पण जीप हळू झाली की माझ्या पोटात आवाज यायचा. टक्. टक्. टक्.

"दातात खडा अडकला वाटते," रूपला म्हणाला. खाली उतरून त्याने माझे सगळे दात पेचकसाने कोरून काढले. खडा सापडला नाही. हिरीबाई मागच्या सीटवर पदराचं टोक चावत गप्प बसली. मी ओरडून सांगणार तरी कसा, की खडा बाहेर नाही, आत आहे?

तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. "गेला एकदाचा खडा," रूपला म्हणाला. खडा कुठेही गेला नव्हता. कवडी फुटली होती. तिच्या धारदार कपच्या आता माझ्या पोटात मण्यांबरोबर हिंडत होत्या.

आणि मग ती दुपार आली. अंजूला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका नेमकी दुसऱ्या गावाला गेली होती.

रूपला शहाणा गाडीवान. निघण्याआधी हवा बघायची त्याची सवय त्या घाईतही सुटली नाही. तो माझ्यापाशी वाकला. माझा वॉल्व तेव्हा अगदी खाली होता. मी मनात म्हणत होतो, फिरव, मला अर्धा फेरा फिरव! पण आतून अंजू कण्हत होती, आणि सबिहाचे शब्द त्याला आठवले नाहीत. त्याने मीटर दाबलं. बाहेर येणाऱ्या हवेबरोबर एक कपची उडाली आणि वॉल्वच्या पिनीत रुतली. "हवा बरोबर हाये," असं म्हणून तो उठला. वॉल्वची टोपी लावायचीही राहून गेली.

शू... इतका बारीक आवाज, की इंजिनात बुडून गेला.

चिखल आम्ही पार केला. डांबर आलं. चाळीस, पन्नास, पंचावन्न. मी थरथरत नव्हतो, पण दर किलोमीटरला मऊ होत होतो. अर्धा रस्ता झाला आणि स्टीअरिंग डावीकडे ओढू लागलं. रूपलाने जीप कडेला घेतली, उतरला आणि माझ्या दबलेल्या कुशीकडे पाहिलं. बदलायला जादा चाक नव्हतं. बोटाला थुंकी लावून त्याने वॉल्ववर ठेवली. बुडबुडा फुगला.

"वॉल्व लीक हाये. पन काहून? नवी पिन टाकली चाचानं!"

हिरीबाई खाली उतरली. ती वॉल्वकडे पाहत म्हणाली, "अंजूचे बा... म्या त्याच्यात कवडी टाकली व्हती."

"काय? टायरात कवडी?"

"नजर लागू नये म्हून. तो टकटक आवाज तिचाच व्हता. म्या बोलली नाई."

"अवं काय केलं हे..." रूपलाचा हात कपाळावर गेला. "तीन दिस खडा शोधत व्हतो म्या! अन् तू मांगं बसून पाहत व्हती!"

जीपमधून अंजू आईबापांवर ओरडली, "बा! याडी! भांडन मंग करा! मले आंदी पोचवा!"

त्या ओरडण्याने दोघंही भानावर आली. आणि मित्रांनो, हिरीबाईच्या त्या एका खऱ्या वाक्याने सगळं बदललं. पिन खराब नाही, तिच्यात काहीतरी अडकलं आहे, हे रूपलाला कळलं. आता त्याला सबिहाचं बोलणं आठवलं. त्याने जीप अर्धा फेरा पुढे घेतली. वॉल्व वर आला. मणी आणि कपच्या घरंगळून तळाशी गेल्या. त्याने सीटखालचा पायपंप काढून त्याची नळी वॉल्ववर घट्ट धरली.

"मार जोरात!"

हिरीबाईने लुगडं खोचलं आणि पंपावर सगळं बळ लावून पाय मारला. एक. दोन. तिसऱ्या दाबाला हवा उसळून आत शिरली, आणि ती कपची सुटून माझ्या पोटात पडली. शू आवाज बंद झाला. तिने आणखी साठ वेळा पाय मारला. मी मोठा टायर, तेवढ्याने कुठला भरणार? पण उभं राहण्याइतका जीव माझ्यात आला. थोड्या हवेवर चालायची मला चिखलात सवय होतीच.

"चाळीसच्या वर जाऊ नोका," हिरीबाई म्हणाली. तिने अंजूचं डोकं मांडीवर घेतलं. उरलेला रस्ता मी गरम होत, कुशीत वळ्या पडत धावलो. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तासातली पाच मिनिटं शिल्लक होती.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला उघडलं. मण्यांच्या ढिगात कवडीच्या सात कपच्या निघाल्या. माझ्या आतल्या अंगावर ओरखडे उठले होते. हिरीबाई मान खाली घालून उभी होती.

"बहेन," चाचा म्हणाले, "दुवा भाईरून बांदाची. आत टाकाची नाई. अन् टाकलीच, तर सांगून टाकाची. मानूस रागावते, पन गाडी वाचते."

त्यानंतर मी चार वर्षं चाललो. मग दात गेले, नवा टायर आला आणि मी घरामागे पडलो. पावसाळाभर माझ्यात पाणी साचलं, डास झाले, पोरं आजारी पडली. तेही कोणी बोललं नाही. शेवटी अंजूच माहेरी येऊन ओरडली, तेव्हा कुठे मला उचललं.

रूपलाने मला कडुनिंबाला टांगलं. टांगण्याआधी त्याने मला काठीवर फिरवून पाहिलं आणि जो भाग खाली आला, तो खालीच ठेवून दोर बांधला. ज्या जडपणाने मी आयुष्यभर थरथरलो, त्याच कुशीत बसून आता अंजूची तीच लेक, रीता, झोका घेते.

मित्रांनो, तुमच्या घरी जीप नसेल, पण काही ना काही चालणारं, फिरणारं असेलच. ते थरथरलं, टकटकलं, की ऐका. आम्हाला एवढंच बोलता येतं. आणि तुमच्या हातून काही आत पडलं असेल, तर ते सांगा. आम्हाला सांगता येत नाही, तुम्हाला येतं.

काल हिरीबाई एक पांढरी कवडी घेऊन झाडाखाली आली. रीता झोक्यावर होती. हिरीबाईने दोराला हात लावला, मग थांबली आणि घराकडे वळून मोठ्याने हाक मारली, "ओ अंजूचे बा! दोराले कवडी बांधून राह्यली मी. येऊन पाहून घ्या!"