बंपरवरची पानं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात ती पाण्यावरून आणि पार्किंगवरून, हे तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे. या सोसायटीत मात्र भांडण झालं ते भुतावरून! इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला टेकून एक जुनी गाडी उभी असायची. तिच्यात म्हणे सकाळ-संध्याकाळ कुणीतरी बसलेलं दिसायचं. जवळ जावं तर कुणी नाही, काचा मात्र आतून वाफाळलेल्या. मुलांनी त्या बाजूला खेळणं सोडलं. शेवटी सेक्रेटरींनी गाडीमालकाला फोन केला.

"साहेब, गाडी तुमची, भूतही तुमचंच. दोघांनाही हलवा."

गाडीमालक म्हणजे छोटू. विमा कंपनीत मोठा हुद्दा, पंचेचाळिशी उलटलेली, डोक्यावरचं रान निम्मं साफ. पण आईच्या लेखी छोटूच. गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यापासून आई त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि छोटू बायकामुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला.

छोटू वाईट मुलगा होता का? छे! नातेवाईक तर आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. आईची त्याने कशी चोख सोय लावली होती! दूध दारात, किराणा दारात, औषधं दारात, रक्त तपासायला येणारा माणूससुद्धा दारात. रविवारी गाडीतून फिरवून आणायला ड्रायव्हर ठेवलेला, त्याचा पगार आईच्या हातून. आणि संध्याकाळी छोटूचा फोन ठरलेला.

"आई, आलीस का फिरून?"

"आले ना. तळ्यावर गेलो होतो. बदकांना पिल्लं झालीत, बरं का. एक अगदी मागे मागे राहत होतं..."

आई सांगत राहायची आणि छोटू "हं, हं" करत टीव्हीवरची मॅच बघायचा. फोन ठेवला की कसं हलकं वाटायचं त्याला.

सेक्रेटरींच्या फोननंतर त्याने गाडी विकायचं ठरवलं. आईला नंतर सांगू म्हणाला. एक गिऱ्हाईकही मिळालं, रविवारी दुपारी बघायला येणार होतं. ऑफिसातल्या एका मित्राने बजावलं, "बाकी काही करू नकोस, बंपरचं काळं प्लास्टिक तेवढं काळं कर. ते पांढुरकं पडलं की गाडी म्हातारी दिसते." आणि पॉलिशची एक बाटलीही दिली.

थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी छोटू बादली, ब्रश, स्पंज घेऊन थेट मागच्या बाजूला गेला. वर गेला नाही. वर गेलं की चहा, चहावर गप्पा, गप्पांवर जेवण, म्हणजे दिवस मोडलाच! आधी काम उरकू, मग जाताना पाच मिनिटं डोकावू, असा त्याचा हिशेब.

गाडी बघून त्याने कपाळाला हात लावला. चाकं बसलेली. "हवासुद्धा भरत नाही हा ड्रायव्हर!" तो करवादला. भिंतीवरची वेल मागच्या बंपरवर चढून चांगली चिकटली होती. "पावसाळ्यात काय, कुठेही पसरते," त्याने स्वतःलाच सांगितलं आणि वेल ओढून काढली.

आणि हात तसाच राहिला.

सगळा बंपर राखेसारखा पांढुरका पडला होता. पण जिथे जिथे वेल चिकटली होती तिथे तिथे प्लास्टिक नवंकोरं काळं होतं. देठ न् देठ, पान न् पान. कुणी काळ्या शाईत बुडवून छाप मारावेत तशी ती पानं त्याच्याकडे बघत होती. बाटलीवर लिहिलेलं त्याने कालच वाचलं होतं, प्लास्टिक असं पांढरं पडतं ते वर्षानुवर्षं ऊन खाऊन. मग ही वेल वर्षानुवर्षं इथेच होती? आणि गाडी?

तो दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात वॉचमन काठी टेकत आला. "साहेब, एकटे नका थांबू इथे. तुम्हाला काही जाणवलं का?"

"ही गाडी दर रविवारी बाहेर जाते ना हो? ड्रायव्हर येतो ना?"

"कुठला ड्रायव्हर? मला इथे लागून वर्ष होऊन गेलं, ही गाडी एक इंच हलली नाही."

"अहो, तळ्यावर जाते."

वॉचमनने त्याच्याकडे जरा सांभाळूनच पाहिलं. "तळं? ते बुजवलं की साहेब. मी इथे यायच्या आधीच. आता तिथे दुकानं आहेत."

वॉचमन फाटकाकडे परत गेला आणि छोटू त्या पानांसमोर उकिडवा बसून राहिला. मग कोणती बदकं? कोणती पिल्लं? मागच्याच रविवारी तर...

माणूस अशा वेळी काय करतो? खरं शोधायला धावतो? नाही हो! तो आधी झाकायला धावतो. छोटूने घाईघाईने स्पंज पॉलिशमध्ये बुडवला आणि बंपरवर फिरवायला लागला. करड्या रंगात काळा मिसळला, पानं बुडाली, देठ बुडाले. दोन-चार हात मारले आणि बंपर कसा एकसारखा, चकचकीत! कसलाही पुरावा उरला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. तो उठला, खाकरला, आणि दाराखालची प्लास्टिकची पट्टी रंगवायला पुढे सरकला.

त्याच्या डोळ्यांसमोर काचेवरची वाफ आतून पुसली गेली. एका हाताने. सुरकुतलेल्या.

छोटू ओरडलाच! बादली कलंडली. काचेत जो मोकळा गोल झाला होता, त्यातून दोन डोळे बघत होते. त्याने ते ओळखले, आणि भूत असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"आई!" त्याने दार उघडलं. "तू... इथे काय करतेस?"

आई शालीत गुरफटून मागच्या सीटवर अर्धवट आडवी होती. ती अवघडून उठून बसली. "काचा बंद, बोलणं काही कळलं नाही, पण तुझं खाकरणं ओळखलं म्हणून काच पुसली. नाहीतर कुणी आलं की मी आपली आडवी होते. लोक हसतील ना."

"पण इथे कशाला?"

"फिरायला आलेय," आई म्हणाली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी हसली.

छोटू तिच्या शेजारी बसला. गाडीत जुन्या सीटचा कोंदट वास होता.

"ड्रायव्हर कुठे गेला?"

"त्याला केव्हाच सुट्टी दिली. भला माणूस होता, पण तो पुढे बसणार, मी मागे. त्याच्या पाठीशी किती बोलणार? आणि त्यालाही घरी आई होती रे."

"मग मला का नाही सांगितलंस? तळं, बदकं... दर रविवारी खोटं बोलत होतीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" आईने शांतपणे विचारलं. "दुसरा ड्रायव्हर पाठवला असतास."

छोटूची मान खाली गेली. हो, अगदी हेच केलं असतं त्याने! त्याच दिवशी, एका फोनवर.

"माझी काही तक्रार नाही," आई म्हणाली. "सगळं दारात येतं. पण दारात येणारे दारातूनच जातात. म्हणून इथे येऊन बसते. तुझे बाबा गाडी चालवायचे, मी शेजारी, तू मागे. आठवतं तेच जरा जुळवून तुला सांगते, तेवढाच तुझा आवाज ऐकू येतो. लोक म्हणतात गाडीत भूत आहे. म्हणेनात. भूत व्हायला मरावंच लागतं असं थोडंच आहे? ज्याला कुणी बघत नाही, तो झालाच की!"

छोटूला हुंदका आवरेना. "आई, मला माफ कर. मी गाडी विकत नाही. दुरुस्त करून घेतो, चांगला ड्रायव्हर..."

तो स्वतःच थांबला. आईने त्याच्याकडे बघितलं आणि दोघांनाही हसू फुटलं, रडता रडता.

"विकून टाक रे," ती म्हणाली. "मला काय गाडीची हौस आहे?"

गिऱ्हाईक ठरल्या वेळी आलं. गाडीभोवती फिरलं, काळाभोर बंपर बघून खूश झालं. "छान ठेवलीय हो! वापरात आहे ना?"

आई बाजूला उभी होती. छोटूने स्पंज खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "पॉलिश मी आज केलंय. ही गाडी कित्येक वर्षं इथून हललेली नाही. मालकाला वेळ नव्हता."

गिऱ्हाईक विचार करून सांगतो म्हणालं आणि गेलं ते गेलंच.

"घालवलास सौदा," आई म्हणाली.

"जाऊ दे. चल, बाहेर जाऊ. पायीच, जमेल तेवढं."

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण छोटूसारखेच चांगले आहेत. आपण सोय लावतो आणि तिलाच सोबत समजतो. दूध दारात पोचवता येतं, औषध पोचवता येतं. स्वतःला मात्र कुणाच्या हाती पाठवता येत नाही, तिथे स्वतःच जावं लागतं. आज फोन झाला असेल, तरी जा. समोर बसा, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐका.

फाटकापाशी वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याने आईकडे निरखून पाहिलं.

"आजी, तुम्हाला कधी बघितलं नाही. नवीन राहायला आलात का?"

छोटूने ओठ चावला. आईने त्याच्या दंडाला धरलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाली,

"हो. आजच आले."