मला रोज चुना लावतात

मी ताडाच्या शेंड्याला टांगलेलं मडकं बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, मान वर करा. वाणगावजवळच्या या ताडावरून मला बोईसरच्या कारखान्यांची धुराडी दिसतात आणि हवा स्वच्छ असली की समुद्रही.

बाजारात भागीने मला टिचक्या मारून पारखलं, तेव्हा वाटलं, आता स्वयंपाकघरात थंड पाणी भरून रुबाबात बसायचं. पण तिच्या नवऱ्याने, मंगळ्याने, माझ्या गळ्याला दोरी बांधली आणि थेट झाडावर! पहिले दोन दिवस मी खाली बघितलंच नाही.

माझं काम ताडाचा रस गोळा करण्याचं. पहाटे उतरवला तर ती गोड नीरा, ऊन चढलं की आंबून ताडी. माझ्या अंगात मुरलेला आंबटपणा ताज्या रसालाही लागतो. नीरा हवी तर रोज संध्याकाळी मला घासून आतून चुना लावावा लागतो. तुम्ही माणसं ‘चुना लावला’ म्हणजे फसवलं म्हणता. आमच्यात तसं नाही.

मंगळ्याला मात्र ताडीच हवी असायची. चुना नाही, घासणं नाही. वर झाडावरच बसून निम्मी प्यायचा आणि लटपटत उतरायचा. एकदा त्याचा हात सुटला. खोडाला मिठी मारली म्हणून वाचला. भागी खाली पदर तोंडात धरून उभी होती.

“मरशील एक दिस,” ती रडत म्हणाली.

“उद्यापासून नाय पिणार.”

त्याचं ते ‘उद्यापासून’ ऐकून माझे कान किटले होते.

भागी दर रविवारी देवूकाकांच्या अंगणात प्रार्थनेला जायची. देवूकाका बोईसरला कंपनीत फिटर आणि इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. एका रविवारी तिने मंगळ्यालाही ओढून नेलं. तिथे काय झालं ते तिने शेजारच्या जमनाला माझ्या झाडाखालीच सांगितलं, म्हणून मला कळलं. देवूकाका म्हणाले, “कोणाला साक्ष द्यायची हाय का? मंगळ्या, तू?” साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मंगळ्याला साक्ष म्हटलं की पालघरचं कोर्टच आठवायचं. तो ताडकन उठला आणि हात जोडून म्हणाला, “मी काय देखला नाय, सायेब! मी तवा घरात होतो!”

सगळं अंगण पोट धरून हसलं. तोही हसला आणि प्रार्थनेला जात राहिला. पंधरा दिवस थेंबाला शिवला नाही. सोळाव्या दिवशी प्यायला आणि प्रार्थनेला जाणंच सोडलं.

मग देवूकाका स्वतः झाडाखाली आले. रागावतील असं मला वाटलं होतं.

“कोणत्या तोंडानं येऊ?” मंगळ्या म्हणाला. “आधी सुधारतो, मंग येतो.”

देवूकाकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तो मडका आंबला तर फोडतोस?”

“नाय. धुवायचा, चुना लावायचा.”

“मडका आपला आपण धुवून घेतो का?”

“तो कसा घेईल?”

“मंग तू कसा घेशील? येशूकडं आंबलेलाच ये. अन् रोज ये.”

त्या संध्याकाळी मंगळ्याने मला चक्क चुना लावला. मग खाली बसून एवढंच म्हणाला, “प्रभू, मी आंबलाय. धू मला.” मला इतका आनंद झाला की रिकामा असूनही भरल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी भागीसोबत प्रार्थना करतो. मन फारच ओढ घेऊ लागलं की देवूकाकांना फोन लावतो. एका लग्नात पुन्हा घसरला, हेही सांगतो. लपवून काय करू? पण या वेळी दडून बसला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच देवूकाकांच्या दारात जाऊन उभा राहिला.

गेल्या रविवारी तो मला नीरेने भरून अंगणात घेऊन गेला. साक्षीची वेळ झाली आणि तो न बोलावता उठला.

“तवा मी बोललो, काय देखला नाय,” तो म्हणाला. “आता देखलाय. मी पडलो, येशूनं उचलला. परत पडलो, परत उचलला.”

कोणी हसलं नाही. भागी मात्र डोळे पुसत हसत होती.

माझा काठ आता जरा फुटलाय, पण पोटातून पांढराशुभ्र आहे. नीरा प्यायची तर पहाटे या. आता निरोप द्या, संध्याकाळ झाली. मंगळ्या चुना घेऊन वर चढतोय, पाय अगदी स्थिर आहेत. मला तोंड उघडं ठेवायला हवं.