सुकटीसंगं रताळं

आमच्या घरात रताळं येत नसे. माझी आई कमलबाई लहान असताना तिच्या घरी धम्माचं वारं आलं, उपास-तापास सुटले. ते सुटले हे चांगलंच झालं. पण सुक्याबरोबर ओलं जळतं, तसं उपासाचं म्हणून रताळंही घराबाहेर गेलं. वसमतच्या बाजारात रताळ्यांचा ढीग दिसला की आई तोंड फिरवून पुढं जाई.

मला पोलीस भरतीत पळायचं होतं आणि वयाच्या अटीनं ही माझी शेवटची संधी होती. गेल्या वेळी शेवटच्या वळणावर पायांतलं बळच गेलं. जाणारच, मी चहा-बिस्किटावर पळत होते. सराव घेणारे सर म्हणाले, "दीक्षा, सालीसकट उकडलेली रताळी खात जा. पोट साफ राहतं, ताकद टिकते."

मग मी शेजारच्या सिंधूबाईंकडं गुपचूप रताळी खाऊ लागले. एक दिवस आईनं माझ्या ओढणीला चिकटलेली साल पकडली.

"उपासाचं खाऊन राहिली व्हय?"

माझंही डोकं फिरलं. "उपास माणसानं लावला, आई. रताळं मातीत पिकतं. त्याला काहून शिक्षा?"

आईनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

भरतीच्या सकाळी उठले तर चुलीवर रताळी शिजत होती. घासून धुतलेली, सालीसकट, बुडाशी घोटभर पाणी. आईनं ती ताटात फोडली आणि शेजारी बोटभर सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची, चटणी वाढली.

"खा. सुकट लावल्यावर कोण म्हणल ह्याला उपासाचं?"

मला हसू आलं आणि रडूही.

हिंगोलीच्या मैदानावर दुसऱ्या फेरीत ते वळण आलं. पाय आता गळतील, मग गळतील म्हणत होते, ते गळलेच नाहीत. पुढच्या सगळ्यांना मागं टाकून मी गटात पहिली आले. पळण्याचे पैकीच्या पैकी मार्क पडले. आनंदानं मी मातीतच बसले.

दोरीपलीकडं आई डबा उघडून उभी होती. धापा टाकणाऱ्या पोरींना रताळ्याच्या फोडी वाटत होती. एकीनं विचारलं, "काकू, आज उपास हाय का?"

"न्हाई माय, सुकट हाय संगं. खा पोटभर."

शेवटची फोड तिनं स्वतःच्या तोंडात टाकली, सालीसकट.

"लहानपणी लई आवडायचं मला," ती म्हणाली आणि बोटं चाटत राहिली.