सव्वीस जानेवारीची सही

बेबीनंदाबाईंनी चौथीच्या नागरिकशास्त्रात नसतं खूळ काढलं होतं. धडा वाचावा, उत्तरं घोकून घ्यावीत, मोकळं व्हावं. तर बाईंनी पोरांना प्रश्नच दिला. वस्तीवरची पाण्याची हापशी दोन महिने बंद आहे, ती दुरुस्त करणं कुणाचं काम? आठ दिवस पोरं गावभर विचारत फिरली आणि शेवटी सरपंचांच्या ओट्यावर जाऊन धडकली.

म्हणूनच आज सरपंच तातेराव ग्रामसभेचं रजिस्टर काखोटीला मारून वर्गात आले. बाईंच्याच खुर्चीत बसून त्यांनी ते पहिल्या बाकावरच्या चांगुणापुढं सरकवलं.

"वाच पोरी. हापशी दुरुस्त झाली, असा ग्रामसभेत ठराव पास झाला. खाली समद्यांच्या सह्या हायेत."

चांगुणा बोट ठेवून वाचू लागली. या गावात ग्रामसभा कधी भरायचीच नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, लोक चहा पिता पिता अंगठा उठवायचे, झाली सभा! कुणी घरी नसलं तर शेजारणीचा अंगठा चालायचा. शिकल्यासवरल्या बाईंनीही पाच वर्षं न वाचता सही ठोकली होती.

"सव्वीस जानेवारी," चांगुणा थबकली. "ह्यो माझ्या आईचा अंगठा? आई तवा अंकुशनगरला ऊस तोडायला गेल्ती." बोट खाली सरकलं. "आन् बाई, ही तुमची सही. तुम्ही गेल्त्या का सभेला?"



"सांगा की बाई," तातेराव हसले. मग हळूच म्हणाले, "बदलीच्या याद्या निघून राह्यल्यात म्हणं."

चार वर्षं अर्ज करकरून बाईंना घराजवळची ही शाळा मिळाली होती आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. नुसतं हो म्हटलं की सुटका होती. पण समोर बत्तीस पोरं डोळे लावून बसलेली, आणि त्यांच्यापुढं खोटं बोलायची बाईंना लाज वाटली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी गेले नव्हते. सभा झालीच नव्हती."

तातेरावांनी रजिस्टर फाडकन मिटलं. "बाई, हे तुम्हाला लई महागात पडंल!"

चांगुणा मात्र बाईंकडंच बघत होती. "मंग सही कामून केली?"

"भ्याले म्हणून."

"आन् आता?"

"आता त्याहून जास्त भिऊन राह्यले," बाई म्हणाल्या. "वह्या काढा. सभेचं मी आत्ता जे सांगितलं, ते समदं लिहून घ्या."