खिडकी चार बोटं उघडी

मी एक जुना, पत्र्याचा कूलर आहे. पाठीला गंज, पोटात कांदे आणि डोक्यावर वाळत घातलेलं पायपुसणं, अशा थाटात दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत उभा असतो. हसू नका, मित्रांनो. एके काळी माझ्यासमोर कोणी बसायचं यावरून या घरात भांडणं होत.

करोल बागेतल्या एका पत्राकामाच्या दुकानात माझा जन्म झाला. दिनकरराव तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीत नवे आले होते. वाळवंटाकडून येणारी इथली कोरडी, भाजणारी हवा, म्हणजे लू, त्यांना ठाऊक नव्हती. पहिल्याच दुपारी त्यांनी मला सुरू केलं आणि गावाकडच्या सवयीनं, झळा आत नकोत म्हणून, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. थोड्याच वेळात भिंतींना पाणी सुटलं. त्यांच्या पत्नी वृंदाताई मान पुसत म्हणाल्या, "अहो, ही खोली आहे की न्हाणीघर?"

शेवटी शेजाऱ्यांनी समजावलं. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. आतली दमट हवा बाहेर पडली तरच बाहेरची कोरडी हवा माझ्या ओल्या गवतातून गार होऊन आत येते. तेव्हापासून वृंदाताईंचं पालुपद ठरलं, "हवेला बोलावता, तर तिला वाटेलाही लावा." नवी सून संपदा आली, तिलाही पहिल्याच उन्हाळ्यात हे ऐकावं लागलं.

दर उन्हाळ्याआधी दिनकरराव माझ्या टाकीला आतून डांबर फासत, जाळ्यांत नवं गवत भरत, पाण्यात वाळ्याची जुडी सोडत. मग वृंदाताई गेल्या. मुलानं, अंकुरनं, एसी आणला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. मी रुसलो. पण पत्र्याच्या रुसण्याला कोण विचारतो? दिनकरराव मात्र येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारत. तेही घरात जरा बाजूलाच पडले होते.

यंदा मे महिन्यात आभाळातून आग बरसत होती. त्यातच एका सकाळी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. एसी बंद, पंप बंद, नळ कोरडे. अंकुर कामासाठी बाहेरगावी. दुपारपर्यंत दिनकररावांचं अंग तापलं, घाम यायचा थांबला आणि बोलणं भरकटू लागलं. संपदानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग तिला माझी आठवण झाली. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, मी चालतो.

तिनं कांदे जमिनीवर ओतले, मला बाल्कनीच्या दारात ओढलं आणि साठवलेल्या पाण्याची बादली माझ्या पोटात रिकामी केली. "बाबा, आता गार होईल हं," त्यांच्या अंगावर ओली चादर टाकत ती म्हणाली. आणि एसीच्या सवयीनं समोरची खिडकी घट्ट लावून घेतली.

मित्रांनो, माझा जीव तिथेच गुदमरला. गवत कुजलेलं, टाकी झिरपणारी, त्यात खोली बंद. मी हवा फेकत होतो आणि ती ओली होऊन तिथेच साचत होती. दिनकररावांना धाप लागली. ओठ हलले. "वृंदा... खिडकी..."

संपदा फोनवर रडवेली झाली. "अंकुर, बाबा आईंना हाक मारतायत. मला खूप भीती वाटतेय यार. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात, ट्रैफिक है, टाइम लगेगा." उजेडाचा त्रास होत असेल असं वाटून तिनं खिडकीवर पडदाही ओढला. मला आवाज आहे, पण नुसता घरघरीचा. मी जीव तोडून घरघरलो. तिला वाटलं, माझी मोटार जळतेय.

टाकी गळत होती. फरशीवरचं पाणी फडक्यानं टिपून ती पुन्हा माझ्यात पिळत होती. ते संपलं तेव्हा तिनं पिण्याच्या पाण्याचा माठ उचलला. उठताना तोल जाऊन तिचा हात भिंतीला टेकला. हात ओला झाला. भिंतीला पाणी सुटलं होतं.

"आई खिडकी म्हणायच्या," ती पुटपुटली. माठ खाली ठेवून धावली आणि तिनं पडदा बाजूला सारून खिडकी उघडली, चार बोटं. मग माठ माझ्या पोटात रिकामा केला.

कोंडलेली हवा निघाली. माझ्या सडक्या गवतातून पहिला गार झोत दिनकररावांच्या अंगावरच्या ओल्या चादरीवर गेला. इन्व्हर्टर टीं टीं करू लागला, माझं पातं मंदावलं. मी त्या क्षणी एवढंच मागितलं, की मी थांबायच्या आत ॲम्ब्युलन्सवाल्यांनी दार वाजवावं. दार वाजलं तेव्हा माझ्यात जेमतेम एक-दोन फेरे उरले होते.

आता दिनकरराव दवाखान्यातून घरी आले आहेत. काठी टेकून चालतात, थोडं बोलतात. माझ्या तळाला बोट जाईल एवढं भोक पडलं आहे. परवा खाली भंगारवाला ओरडत गेला तेव्हा मी धास्तावलो होतो. म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातल्या जुन्याला, मग तो पत्र्याचा असो की हाडामांसाचा, उन्हाळा डोक्यावर आल्यावरच आठवू नका. आधीच त्याची डागडुजी करा. आणि तो काही पुटपुटला, तर भरकटला असं समजायच्या आधी एकदा ऐका.

काल अंकुर म्हणाला, "एसी चालू आहे, खिडकी का उघडी?"

"बाबांनी सांगितलं होतं," संपदा म्हणाली. "मी ऐकलं नव्हतं."

अंकुरनं खिडकीला हात लावला नाही.