कुरवांवर आलेला आळ

दर जूनमध्ये बर्फ फुटला की आमच्या वुओलयार्वी तळ्यात पाण्यावर तरंगणारा एक पिवळा बोया सोडतात. चुलीएवढा जाडजूड, डोक्यावर सौरपट्टी, पोटाखाली लांब दोर आणि त्याला लटकवलेले सेन्सर. पाणी किती गार, किती गढूळ, त्यात ऑक्सिजन किती, क्षार किती, हे तो तासातासाला पाचशे किलोमीटरवरच्या ओउलू शहरात कळवतो. माझी थोरली बहीण औने त्याला ‘मंत्री’ म्हणते.

“जागचा हलत नाही, पक्षी डोक्यावर शिटतात, तरी दर तासाला निवेदन काढतो. अजून कोणाला मंत्री म्हणतात?”

औनेने अडतीस वर्षं या भागात टपाल वाटलं. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीने. निवृत्त झाल्यावर बोयाची देखभाल तिच्याकडे आली. आठवड्यातून एकदा जायचं, सेन्सर पुसायचे, शेवाळ काढायचं, कुरव पक्ष्यांची शीट खरवडायची. होडी माझी, शिव्या तिच्या.

गेल्या ऑगस्टमध्ये ओउलूहून रेट्टाचा फोन आला. ही रेट्टा बोयाचे आकडे बघणारी संशोधक, वयाने आमच्या मुलांएवढी.

“औने, दर रविवारी सकाळी क्षार वाढतात, तळाचा ऑक्सिजन घसरतो. चार आठवडे झाले. तळ्यात कोणी काही सोडतंय का?”

“शनिवारी काय होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे,” औने म्हणाली. “यंदा तेइयोच्या काचेच्या झोपड्या तुडुंब भरतात.”

तेइयो माझ्या वर्गातला. शाळेत तो दुसऱ्याच्या पाटीवरून गणितं उतरवायचा आणि शाबासकीही घ्यायचा. आता त्याने उत्तरेच्या खाडीत काचेच्या छपराच्या बारा झोपड्या बांधल्या आहेत. लांबलांबचे लोक आकाश बघत झोपायला येतात. आकाश आमचंच, पण तसं कोणी त्यांना सांगत नाही.

रेट्टाने पालिकेला पत्र लिहिलं. पालिकेने सभा बोलावली. तेइयो नवीन स्वेटर घालून आला आणि भरल्या सभेत म्हणाला, “माझ्याकडे शौचालयाची नवी कोरी टाकी आहे. हा सगळा कुरवांचा प्रताप. सेन्सर नीट पुसले जात नसतील, तर यंत्र बिचारं काय करणार?”

अख्ख्या सभेने औनेकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले.

“माझ्या हाताखाली घाण राहते म्हणतोस?”

“मी कोणाचं नाव घेतलं नाही.”

“अडतीस वर्षांत माझ्या पिशवीतलं एक पाकीट ओलं झालं नाही, आणि हा मला पुसायला शिकवतो!”

सभेने ठरवायचं ते ठरवलं. बोया तळ्याच्या दक्षिण टोकाला न्यायचा, कारण तिथे म्हणे कुरव कमी. तोवर त्यांना भिववायला बोयावर प्लास्टिकचं घुबड बसवायचं. घुबड आलं, आम्ही बसवलं. दुसऱ्या दिवशी एक कुरव घुबडाच्या डोक्यावर उभा राहून आरामात पंख साफ करत होता.

औने तीन दिवस धुमसत होती. तळं नासतंय याचं दुःख होतंच, पण आपल्याला गचाळ म्हटलं हे तिला जास्त झोंबलं होतं. चौथ्या दिवशी तिने पालिकेचं पत्र चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि रेट्टाला फोन केला.

“बोया हलवताना तो मोजतो का गं?”

“सांगितलं तर दर मिनिटाला मोजेल. का?”

“पत्रात लिहिलंय की दक्षिणेला न्या. कोणत्या वाटेने, ते लिहिलेलं नाही.”

रेट्टाने आधी तारीख पाहिली. मग म्हणाली, “रविवारी सकाळी आठपासून दर मिनिटाला लावते. आणि तू मला काही विचारलेलं नाहीस.”

रविवारी आम्ही नांगर उचलला, सेन्सर मीटरभर पाण्यात राहतील इतका दोर वर घेतला, आणि मंत्र्याला होडीमागे बांधून निघालो. थेट उत्तरेला. इतक्या हळू, की बदकं आम्हाला मागे टाकून जात होती. थोड्या थोड्या अंतरावर औने मला म्हणायची, “साम्मल, थांब. कॉफी.” कॉफीत बुडवलेलं चीज चघळत आम्ही बसायचो. मंत्री मोजत राहायचा, रेट्टा फोनवर आकडे सांगत राहायची. खाडीच्या तोंडाशी क्षारांचे आकडे दुप्पट झाले, झोपड्यांच्या धक्क्याजवळ पाचपट. इथे तर यंत्राची गरजच नव्हती. वास येत होता.

एका झोपडीच्या दारातून तेइयो धावत आला. अंगावर सौनातल्या वाफेने ओला पंचा, पायात रबरी बूट.

“इथे काय करताय?”

“बोया हलवतोय,” औने म्हणाली. “तुम्हीच ठरवलंत ना?”

“दक्षिण तिकडे आहे!”

“वारा आहे.”

वारा नावाला नव्हता. पाणी आरशासारखं होतं.

तेवढ्यात धक्क्यावर पाहुण्यांची रांग लागली. तेइयोच्या नोकराने लाकडी पेल्यांमध्ये थेट तळ्यातलं पाणी भरलं आणि एकेकाच्या हातात दिलं. ‘जगातलं सर्वांत शुद्ध पाणी’, हा तिथला रविवारचा निरोपसमारंभ. दहा-बारा पेले ओठांकडे निघाले.

औने होडीत उभी राहिली. होडी हलली, कॉफी माझ्या मांडीवर. तिला पाहुण्यांची भाषा येत नाही. टपालावरच्या शिक्क्यांवर असते तेवढीच येते. ती दोन्ही हात वर करून, त्या परक्या भाषेत, तळं दणाणेल अशा आवाजात ओरडली, “नाजूक वस्तू! नाजूक वस्तू! पाठवणाऱ्याकडे परत करा!”

पेले थांबले. एका बाईने पेल्यात डोकावलं, हुंगलं आणि पाणी तळ्यात ओतून टाकलं. मग सगळ्यांनी ओतलं. एका म्हाताऱ्याने आधीच घोट घेतला होता. त्याने तो तेइयोच्या बुटांवर थुंकला.

मी हसत होतो, पण तेइयोकडे पाहिलं आणि हसू थांबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी पालिकेने धक्क्याजवळ खणलं. झोपड्यांचं बांधकाम पाहणाऱ्या तेइयोच्या जावयाने शौचालयांचा नळ टाकीपर्यंत नेण्याचा कंटाळा करून तो सरळ धक्क्याखाली सोडला होता. टाकी कोरी होती ती म्हणूनच. झोपड्या बंद झाल्या. औनेची माफी मात्र कोणी मागितली नाही. सभेच्या वृत्तांतात फक्त ‘पक्ष्यांचा संबंध आढळला नाही’ एवढं छापून आलं.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी तेइयो औनेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिने न विचारता कॉफी ओतली.

“खाडी कधी साफ होईल?” त्याने विचारलं.

“रेट्टा म्हणते, तीन-चार उन्हाळे. पाणी गार आहे, सगळं सावकाश होतं.”

तो कपात बघत राहिला. औनेने विचारलं, “तू स्वतः प्यायचास का रे ते?”

“दोन वर्षं. रोज सकाळी, पोहून झाल्यावर. पाहुण्यांसमोर.”

औने इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. शेवटी तेइयोही हसला, रडल्यासारखा. मग तिने खिडकीतून उत्तरेकडे पाहिलं. आमची आई त्याच खाडीत बर्फाखाली जाळी लावायची. आमचं लहानपण तिथल्या माशांवर गेलं.

“यंदा जाळी दक्षिणेला लावू,” ती म्हणाली. “तिथे बर्फ जाड असतो. भोकं पाडायला माणूस जास्त लागेल.”

“मी येतो,” तेइयो म्हणाला.

“तुला जाळी लावता येतात?”

“नाही.”

“मग लवकर ये,” असं म्हणून तिने चिजाची बशी त्याच्याकडे सरकवली.