बिनआवाजाची चार मिनिटं

मावशी महोत्सवात वाचायची. म्हणजे नेमकं काय करायची, ते आधी सांगायला हवं, कारण हे काम फार थोड्या ठिकाणी चालतं.

त्या शहरात दरवर्षी पाच दिवस माहितीपट दाखवत. कुणी बर्फाचा कडा चढलेलं असे, कुणी ओसाड माळावर झाडं जगवलेली असत, कुणी गावातली बंद पडलेली शाळा पुन्हा उघडलेली असे. भाषा देशोदेशीच्या. पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेतल्या ओळी येत, पण सकाळच्या खेळाला शाळांची मुलं असत आणि दुसरीतलं पोर अर्धी ओळ वाचतंय तोवर ती पुसून पुढची येते. म्हणून सगळ्यात मागे, प्रोजेक्टरच्या केबिनला खेटून, मावशी माईक घेऊन बसे आणि त्या ओळी मुलांना वाचून दाखवी. आजोबांचं बोलणं आजोबांसारखं, पोरीचं पोरीसारखं. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सगळे तिला मावशी म्हणत, कारण महोत्सव भरवणारा तिचा सख्खा भाचा होता. दोन मिनिटं एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणी तिनेच त्याचं नाव भोवरा ठेवलं होतं. आता त्याला चाळिशी लागली होती, गळ्यात ओळखपत्र आणि कानाला फोन असे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रिकाम्या सभागृहात मावशीची तालीम चालू होती. दहाला तीनशे मुलं येणार होती. चित्रपट होता दोरवालीचा. ही पोर कडे चढणारी, उन्हाने रापलेली, तळहातांना दोराचे घट्टे. एका दरीत नदीच्या वर, कड्याच्या ऐन मध्यावर, झुडपांमागे एक पाईप उघडत होता. वरून बघा, दिसत नाही. खालून बघा, दिसत नाही. ही दोराला लटकून तिथे उतरली आणि तीन दिवस तिथेच टांगून राहिली. रात्री पाईपातून काय येतं ते तिने कॅमेऱ्यात धरलं. मग खाली उतरून नदीकाठच्या म्हाताऱ्या होडीवाल्याला बोलतं केलं. त्याचं बोलणं चार मिनिटं, त्याच्या मुलखाच्या भाषेत.

तालमीत ती चार मिनिटं आली आणि पडदा मुका झाला. होडीवाल्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खालच्या ओळीही गायब.

"ऑपरेटरदादा, काय झालं हो?" मावशीने केबिनच्या खिडकीवर टकटक केली.

ऑपरेटरने नजर चुकवली. "तांत्रिक अडचण आहे, मावशी."

"तीस वर्षं हे यंत्र चालवताय. अडचण असती तर तुम्ही आत्ता त्याच्यात मुंडकं घालून बसला असता. बिस्किट खात बसला नसता."

ऑपरेटरने बिस्किट खाली ठेवलं. "सरांना विचारा," तो म्हणाला.

सर, म्हणजे भोवरा, बाहेर कमानीखाली खुर्च्या मोजून घेत होता. कमानीवर, खुर्च्यांच्या पाठीवर, मुलांना द्यायच्या पिशव्यांवर एकाच रंगकारखान्याचं नाव होतं. कड्यातला पाईपही त्याच कारखान्याचा.

"म्हातारा कारखान्याचं नाव घेतो गं," भोवरा म्हणाला. "बाकी सगळा चित्रपट दाखवतोय ना मी? दोर, कडा, पाईप, सगळं. फक्त नाव नको. ओळी काढल्या, आवाज काढला. तू त्या वेळी पाणी पी."

"चार मिनिटं पाणी पिऊ? मी काय उंट आहे?"

"मावशी, चेष्टा नको. यंदा त्यांच्याशिवाय कुणी पैसे द्यायला पुढे आलं नाही. त्यांनी हात काढला की पुढच्या वर्षी महोत्सवच नाही. मग कुठली मुलं आणि कुठला चित्रपट?"

भोवरा वाईट नव्हता. हा महोत्सव त्याने एका शाळेच्या हॉलात चादर टांगून सुरू केला होता, आणि ती चादर मावशीच्याच कपाटातली होती. म्हणूनच तिला जास्त लागलं. परक्याने तोंड दाबलं असतं तर तिने दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं.

तेवढ्यात दोरवाली आली. तिने तालीम दारातून पाहिली होती.

"मी चित्रपट परत घेते," ती म्हणाली. आवाज शांत होता. "त्या आजोबांनी मला एकच अट घातली होती. माझं सगळं बोलणं ऐकवणार असशील तर बोलतो, नाहीतर कॅमेरा बंद कर. मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं."

"घ्या परत," भोवरा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"अजिबात घ्यायचा नाही," मावशी म्हणाली. "परत घेतलास तर त्यांना हवं तेच होईल. तू आत जाऊन बस. भोवऱ्या, तुला तोंडावर सांगते, मागाहून सांगितलं नाही म्हणू नकोस. मी वाचणार."

"काय वाचणार? ओळीच नाहीत पडद्यावर!" भोवऱ्याला हसू आलं. "वाच की. खुशाल वाच."

केबिनच्या दारात उभा असलेला ऑपरेटर खोकला. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, मग विचार बदलून बिस्किट तोंडात टाकलं.

त्याला जे ठाऊक होतं ते भोवऱ्याला महोत्सवाच्या अकरा वर्षांत कळलं नव्हतं, कारण तो एकदाही मावशीच्या शेजारी येऊन बसला नव्हता. मावशी पडद्यावरून वाचतच नसे. पडद्यावरून वाचलं की माणूस नेहमी अर्धं वाक्य मागे राहतो. म्हणून आठवडाभर आधी चित्रपट मागवून ती सगळ्या ओळी वहीत मोठ्या अक्षरात उतरवून काढी आणि समासात खुणा करी: 'टोपी काढतो, सुरू कर.' 'नदीकडे बघतो, थांब.' तिची नजर असे माणसांच्या तोंडाकडे आणि वहीकडे. ओळी आल्या काय, पुसल्या काय.

दहा वाजता मुलं आली. सभागृह म्हणजे नुसता किलबिलाट. पहिल्या रांगेत कारखान्याचे साहेब कोऱ्या पिशवीसारखे ताठ बसले होते. दिवे गेले. दोरवाली पडद्यावर कड्यावरून खाली झेपावली आणि तीनशे तोंडांतून एकच "आई गं!" निघालं. मावशी वाचत होती, मुलं तिच्या आवाजाच्या बोटाला धरून दरीत उतरत होती. पाईप दिसला. रात्री त्यातून गडद निळं पाणी आलं, तेव्हा कुणीतरी "शी!" म्हणालं.

मग होडीवाला आला. सभागृह एकदम मुकं झालं. त्याने टोपी काढली.

"मी या नदीवर साठ वर्षं होडी चालवतो," मावशी वाचू लागली. "माझी सून जाळी धुते. तिचे हात बघा. दाखव गं, लाजू नकोस."

पडद्यावर सुनेने हात पुढे केले. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आपले हात मांडीखाली घेतले.

"मी कारखान्यात तीनदा गेलो," असं म्हणून मावशीने कारखान्याचं नाव घेतलं. स्पष्ट, तिन्ही अक्षरं सुटी सुटी, शुद्धलेखन घालतात तसं.

दारातून भोवरा धावत आला. त्याने केबिनमध्ये हात घालून बटण दाबलं. माईक मेला. शेवटचा शब्द हवेत अर्धवट लोंबत राहिला.

मावशी उठून उभी राहिली. साठ मुलांच्या वर्गात, शेजारी दुसरा वर्ग ओरडत असताना, मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज तिच्याकडे होता. तो काही माईकच्या तारेतून येत नव्हता.

"पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, उद्या या. दुसऱ्यांदा म्हणाले, पुरावा आणा. तिसऱ्यांदा मला कॅलेंडर दिलं. त्यावर आमच्याच नदीचा फोटो होता. जुना. स्वच्छ पाण्याचा."

मुलांच्या माना मागे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" मावशी कडाडली. "बोलतायत ते आजोबा. त्यांच्याकडे बघा!"

माना पुन्हा पुढे गेल्या. पण आता साहेब उभे राहिले होते. "हे काय चाललंय? बंद करा हे! दिवे लावा!"

ऑपरेटर आपल्या यंत्राकडे फार लक्षपूर्वक बघत होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"अजून तीन वाक्यं राहिलीत," मावशी म्हणाली. "तुमच्यामुळे मागच्यांना दिसत नाही. बसा."

तो आवाज असा होता की साहेबांचे गुडघे त्यांना न विचारताच वाकले. ते खाली बसले.

"मी पाईप बंद करा म्हणत नाही," होडीवाल्याचे ओठ हलले आणि मावशीने शब्द दिले. "मी म्हणतो, तुमच्या पाण्यात वाईट काही नाही ना, मग दिवसा सोडा. आम्ही सगळे काठावर उभे असताना सोडा."

त्याने नदीकडे पाहिलं. मावशी थांबली.

खेळ संपल्यावर मुलं ओरडत, ढकलत बसमध्ये चढली. दोरवालीने मावशीला नुसती मिठी मारली. साहेब केव्हाच निघून गेले होते. मावशी पायरीवर बसली. घशाची पार वाट लागली होती.

भोवरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "संपलं सगळं," तो म्हणाला. "अकरा वर्षं संपली, मावशी. कळतंय का तुला?"

"कळतंय. मला वाईटही वाटतंय. पण म्हाताऱ्याला मुका करून जो महोत्सव वाचतो, तो कशाला वाचवायचा, एवढं मला समजावून सांग. मी सावकाश ऐकते."

त्याच्या हातातला फोन वाजला. त्यावरचं नाव बघून त्याचा अंगठा जागीच थिजला.

"तेच का?"

त्याने मान डोलावली.

"दे इकडे."

"मावशी, नको. मी घेतो. माफी मागून बघतो, काहीतरी..."

"दे म्हटलं ना."

त्याने फोन तिच्या हातात ठेवला आणि लहानपणी मार बसणार असला की बसायचा तसा तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"बोला साहेब," मावशी बसक्या आवाजात म्हणाली. पलीकडून बरंच काही आलं: करार, बदनामी, वकील. तिने मध्ये तोंड घातलं नाही. सगळं संपू दिलं. "झालं? आता मी एकच विचारते. आज मी मुलांना जी वाक्यं वाचून दाखवली, त्यातलं कुठलं खोटं होतं, तेवढं सांगा. उद्या त्याच मुलांना बोलावून तेवढं मी खोडून घेईन. माझ्याच तोंडाने."

पलीकडे शांतता.

मावशीला घाई नव्हती. फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला उत्तर सापडेपर्यंत थांबायचं असतं, तशी ती थांबली.